दर पाचवं घर

तो चहा आधी संपवा, नाहीतर ऐकता ऐकता ठसका लागेल. फजिती माझीच आहे, पण एक अट आहे. शेवटी "सर, चूक तुमचीच" असं कुणी म्हणायचं नाही. चूक माझी नव्हतीच. आजही नाही!

मी वाशिमला कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्या विभागप्रमुखांचं मत असं, की इतिहास जुन्या दप्तरांत असतो आणि इतिहासकारानं तिथेच धूळ खात बसावं. मी म्हटलं, ज्यांच्या घरात सत्ता आत्ता पहिल्यांदा आली, त्यांची दप्तरं कुठून आणू? त्यांना जाऊन विचारायला नको? समाजशास्त्रवाले करतात तसा सर्व्हे करतो, आकडे आणतो, आणि गावातली सत्ता हलते तेव्हा माणसं कुठे कुठे सरकतात ते दाखवतो!

"दाखवा," ते म्हणाले. "आकडे आले नाहीत, तर मात्र गुमान माझ्याजवळ बसून मोडी वाचायची."

मोडी! माझं अख्खं संशोधन पणाला लागलं हो.

गाव निवडलं रिसोडकडचं. नाव सांगणार नाही, मला अजून त्या रस्त्यानं जावं लागतं. तिथलं सरपंचपद पिढ्यान्‌पिढ्या आबाजींच्या घरात. बक्कळ शेती, भारदस्त मिशा. या खेपेला मात्र भाजीपाल्याचा मळा करणाऱ्या शोभाताई निवडून आल्या. तेव्हापासून ती दोघं एका पारावर बसली नव्हती. इतिहासकाराला आणखी काय पाहिजे? माझा प्रश्न साधा होता: अडचणीला आधी कोणाकडे जायचात, आणि आता कोणाकडे जाता?

सर्व्हेत सगळ्या गावाला विचारावं लागत नाही. वेशीपासून मोजत निघायचं, दर पाचव्या घरी विचारायचं, मधली चार सोडायची. आपल्या मनानं एक घरही इकडेतिकडे करायचं नाही, नाहीतर ओळखीपाळखीचीच माणसं गोळा होतात. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय?

निघालो मोजत. चौथं घर आबाजींचं. परीटघडीचं धोतर नेसून ओट्यावर बसलेले. मी येणार हे गावाला कळलेलंच होतं. मी वाकून नमस्कार केला आणि पुढच्या घरात शिरलो.

ते घर त्यांच्या चुलतभावाचं, रामरावांचं. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापासून त्या दोघांत बोलणं बंद!

"ओ सर! मायं घर दिसलं नाई का तुमाले?"

"दिसलं आबाजी. पण तुम्ही चौथे. मला पाचवं पाहिजे."

"चौथं असो का चाळिसावं! मले सोडून त्या रामरावाच्या घरी काहून? एक घर सरकवा ना!"

"आबाजी, एक घर सरकवलं की शास्त्र मेलं!"

आता आपल्याकडे आवतन द्यायला निघालेला माणूस एक दार सोडून पुढे गेला, तर त्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. सात पिढ्यांचं वैर जडतं! मला काय ते ठाऊक नव्हतं? होतं. पण मी आवतन देत होतो का? मी शास्त्र करत होतो!

पुढच्या गल्लीत नेमकं शोभाताईंचं घर सुटलं. हातातली मेथीची जुडी तशीच घेऊन बाई रस्त्यात आल्या.

"सर, सरपंच मी, अन् इचारून राह्यले मायाच शेजारनीले? आबाजीनं सांगतलं ना तुमाले?"

"ताई, मोजणीत तुम्ही येत नाही."

"मतमोजनीत आली, अन् तुमच्या मोजनीत नाई? सरकवा एक घर, कोनाले समजते?"

"शास्त्राला समजतं!"

काय बाणेदार उत्तर! माझं मलाच कौतुक वाटलं.

दुपारपर्यंत गाव पेटलं. आता तुम्हीच हिशेब करा. पाचातली चार घरं सोडलेली, म्हणजे माझ्यावर चिडलेली. उरलं पाचवं, तर ते या चौघांना घाबरून दार लावून बसलेलं! "नको बाप्पा, आमाले गावात राहाचं हाय," एवढंच काय ते आतून ऐकू यायचं. रामरावांनीसुद्धा दिलेली उत्तरं परत मागितली. माझ्या डोळ्यांपुढे मोडीची अक्षरं नाचायला लागली.

परत निघालो, तर पारावर बघतो काय! आबाजी आणि शोभाताई शेजारी शेजारी! निवडणुकीनंतर पहिल्यांदा! सत्तांतर झालेल्या गावात दोन्ही बाजू एकत्र कशा येतात, हेच तर बघायला मी आलो होतो. पण कारण मी स्वतः असलो तर ते कुठे भरायचं, याला माझ्या प्रश्नावलीत रकानाच नव्हता.

"सर," शोभाताई म्हणाल्या, "उद्या मारोतीपुढं रोडगे हायेत. जेवाले या. जेवन झालं का तुमचे सारे पाचवे घरं उत्तर देतीन. पन पंगत उठेपर्यंत बसा लागन."

नमलं गाव! मी छाती पुढे काढून परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाखेरीज पोटात काही घातलं नाही. गोवऱ्यांवर भाजलेल्या, तुपात बुडवलेल्या रोडग्यांना पोटात जागा नको?

पंगत बसली. मला मानानं हात धरून बसवलं. पहिली पत्रावळ कोरी गेली. दुसरी कोरी. तिसरी माझी, तीही कोरी! वाढपी पुढे गेले आणि पाचव्यावर थांबले. पाचव्यावर आबाजी. त्यांच्या पत्रावळीवर रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. मग पुन्हा चार कोऱ्या.

"ताई, मला राहिलं!"

"राह्यलं नाई सर. तुमी तिसरे. दर पाचव्याले वाढलं म्हंजे साऱ्यायले पोचलं, असंच हाय ना तुमचं शास्त्र?"

"अहो, ते माहितीसाठी! शितावरून भाताची—"

"परीक्षा होते. पोट नाई भरत."

अख्खी पंगत उपाशी बसून माझ्याकडे बघत होती. एकही माणूस हसेना, अशी शिस्त! मीही हटलो नाही. मांडी घट्ट घातली. बघू कोण आधी नमतं!

आबाजींनी सावकाश रोडगा फोडला. आतून वाफ निघाली. तुपाचा वास माझ्या नाकात शिरला, तिथून थेट पोटात. मग ते म्हणाले, "पानी पिऊन येतो," आणि पत्रावळ तशीच सोडून उठले.

मी काय केलं असेल?

बसल्या बसल्याच चौथ्याच्या पाठीमागून सरकलो. दोन जागा!

पहिला घास तोंडाजवळ नेला आणि वरून आबाजींचा आवाज आला, "काहून सर, काल एक घर सरकवलं तं शास्त्र मरत होतं?"

मग जो हशा उसळला! शोभाताईंनी डोळे पुसत सगळ्यांना वाढायला सांगितलं. पाचव्या घरांनी उत्तरं दिली. उरलेल्या घरांनाही मी विचारलं, पण ते निव्वळ रोडग्यांच्या मुरवतीखातर. आकडे आले, मोडी टळली.

आणि म्हणून छातीठोकपणे सांगतो, शास्त्र माझंच बरोबर होतं! फक्त हल्ली पंगतीत बसायच्या आधी जागा मोजून घेतो.