वाघाच्या नियमांची भाषा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी वाघ-बकरी हा पटावरचा खेळ खेळणारा प्रोग्रॅम करायला घेतला आणि पहिल्याच आठवड्यात प्रोजेक्टच्या सरांशी भांडले. त्यांचं म्हणणं, सगळं सी++ या कॉम्प्युटरच्या भाषेत लिही, भराभर चालेल. मला खेळाच्या नियमांसाठी वेगळी, छोटी भाषा बनवायची होती. पटाशी बसणाऱ्या कुणालाही ती वाचता यावी. वडिलांनी त्यांच्या चळवळीसाठी छापलेली पत्रकं वाचत मी वाढले. लोकांचा खेळ लोकांनाच वाचता न येणाऱ्या भाषेत कोंडणं मला अन्याय वाटत होतं, आजही वाटतं.

शेवटी सरांनी अट घातली. "कॉम्प्युटर न शिकलेल्या माणसाने तुझी फाइल वाचून त्यातली एक चूक काढली, तर तुझी भाषा. नाहीतर सी++."

अमळनेरहून एसटीने मी शिंदखेड्याजवळच्या मामाच्या गावी गेले. मामाचे शेजारी आबा तिथे देवळाच्या ओट्यावर कोरलेल्या पटावर रोज खेळतात. त्यांच्यापुढे नियमांचा कागद ठेवला. पहिलीच ओळ होती, 'व्याघ्र रिक्त स्थानी उल्लंघन करेल.'

आबांनी चष्मा सारखा केला. "तलाठीनं पत्र शे का हाई?"

सगळा ओटा हसला. मला राग आला, पण स्वतःचाच. आमची पत्रकंही अशीच असायची, लोकांसाठी लिहिलेली आणि लोकांना न कळणारी.

तिथेच लॅपटॉप उघडून मी भाषेतले शब्द बदलून आबांच्या बोलीतले घातले. आता ओळ झाली, 'म्होरे बकरी शे, तिना मांगे जागा मोकळी शे, तर वाघ उडी मारस.' आबा स्क्रीनवर बोट ठेवून वाचत गेले. पुढच्या ओळीवर बोट थांबलं.

"परत उडी? एका दमात दोन बकऱ्या खाई टाकस? आम्हना गावमा एक खाई का वाघ थांबस. तुम्हना अमळनेरना वाघ हावरा शे, पोरी."

लहानपणापासून मी तसंच खेळत आले होते. नियम गावागणिक बदलतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती ओळ मी आबांनाच खोडायला लावली. बाकी प्रोग्रॅमला हात लावला नाही, तरी आबांशी झालेल्या पुढच्या डावात प्रोग्रॅमचा वाघ एका दमात एकच बकरी खाऊन थांबला. आबांनी बकऱ्यांनी घेरून वाघांना आरामात कोंडलं.

सोमवारी सरांना ते सगळं दाखवलं. त्यांनी नियमांची फाइल ओळीओळीने वाचली.

"नियम तुझ्या भाषेत. पण चाली शोधायचं काम सी++ मध्येच."

"मान्य," मी म्हणाले. तिथे वेग लागतोच.

सरांनी खुर्ची जवळ ओढली. "आमच्या गावी, सावद्याला, वाघ दोनच असतात. वाघ किती ते सांगणारी ओळ कुठे आहे?"