कथेतली आई
हिंगाची फोडणी चरचरली की मला दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत भरलेला नवलेखकांचा मेळावा आठवतो. आई जाऊन वर्ष झालं होतं, पण बाबा घरात तिचा विषय काढू देत नसत. मला सोडायला आलेले बाबा मागच्या बाकावर बसले आणि मी माझी कथा वाचली, फोडणी देताना गुणगुणणाऱ्या आईची. टाळ्या बेताच्याच पडल्या. परतताना मेट्रोत बाबा एकदम म्हणाले, “अगं, ती कुठे गुणगुणायची? भाजीवाल्याशी अर्धं राहिलेलं भांडण कढईपुढे पूर्ण करायची, तेही हिंदीत!” हसले, चष्मा पुसला आणि गुरुग्राम येईपर्यंत आईबद्दलच बोलत राहिले. आता बाबाही नाहीत. मेळाव्यांत टाळ्या भरपूर पडतात. कथेतली आई चुकली, तर सांगणारं कुणी नाही.