साळुबाईची चिमूट

डिंगोऱ्याची साळुबाई त्या शनिवारी पहिल्या एसटीनं जुन्नरला उतरली ती ठेवणीतलं लुगडं नेसून. गोडाऊनमधल्या बाया बघतच राहिल्या. लंकाबाईनं टोकलंच, "कुनाच्या लग्नाला गं?"

"मशीन आणायला चाललीय," साळुबाई म्हणाली आणि पदर खोचून टेंपोपाशी जाऊन उभी राहिली.

चौदा वर्षं ती चंपालाल शेठच्या गोडाऊनमध्ये तूरडाळीच्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरत होती. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायचं, मेणबत्तीवरून फिरवायचं, झाली बंद. उजव्या हाताची बोटं पोळून पोळून इतकी निबर झाली होती की चहा गरम आहे का गार, ते तिला डाव्या हातानं बघावं लागे. पण पिशवी हातात आली की तिला वजनकाटा लागत नसे. हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिला तर जरा जास्तच ठाऊक होतं. बाईला गर्व नव्हता असं कुणी म्हणू नये.

अठ्ठ्याण्णव साल होतं. दुकानदार मशीनच्या बंद पिशव्या मागायला लागले, म्हणून शेठनी भोसरीत एक जुनं मशीन हेरलं. ते आलं की चालवायला एक माणूस कायमच्या पगारावर राहणार, बाकीच्यांनी डाळ निवडायची. शेठच्या मनात पुण्याचा कुणी शिकलेला ऑपरेटर होता. साळुबाईच्या मनात साळुबाई होती. चौथी शिकलेल्या बाईनं असलं मनात आणावं का? आणलं, झालं.

तिला बरोबर न्यायचं काढलं शेठाणी सज्जनबाईंनी. "तुम्ही नुसता रंग बघून भुलाल. हिला न्या. आणि डाळ आपली न्या, मशीनवाल्याची नको." मग काय, मागं डाळीचं पोतं, पुढं ड्रायव्हर सोमाजी, मधे शेठ आणि खिडकीशी साळुबाई. चाकण येईपर्यंत तिनं सोमाजीला चारदा विचारलं, भोसरी अजून किती लांब.

मशीन तिच्या दीडपट उंच होतं. वर डाळ ओतायचं मोठं नरसाळं, त्याखाली फिरती थाळी, थाळीत चार कप. कप भरायचा, खालच्या प्लॅस्टिकच्या नळीत रिकामा व्हायचा, आणि खटक करून बंद पिशवी खाली पडायची. मिनिटाला पंचवीस. साळुबाईनं वाकून सगळीकडं बघितलं आणि मशीनवाल्याला विचारलं, "ह्याच्यात मेणबत्ती कुठंय?"

तो हसला. थाळीखालची चाकी त्यानं दाखवली. डावीकडं फिरवली की कप खोल होतात, माल जास्त पडतो. उजवीकडं फिरवली की कमी. मग पहिली पिशवी त्यानं तिच्या हातात दिली.

"शेठ, कमी हाय," साळुबाई म्हणाली.

काट्यावर ठेवली. पाचशे ग्रॅम, बरोब्बर. दुसरी घेतली. "ही बी कमी." तीही पाचशे.

"बाई, काटा खोटा का हात खोटा?" मशीनवाल्यानं विचारलं. शेठचा चेहरा उतरला. "साळुबाई, आता गप बस," ते म्हणाले.

साळुबाईची पगाराची जागा डोळ्यांदेखत चालली होती. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की हात कशानं चुकतोय. ते कारण सांगितलं तर शेठ घरी बसवतील, न सांगितलं तर जन्मभर डाळ निवडायची. ती खाली बसली आणि पिशव्या पडतील तशा उचलायला लागली. तीन सारख्या. चौथी हलकी. पुन्हा तीन सारख्या, आठवी हलकी.

ती उठली. "शेठ, काटा खरा हाय. चौदा वर्सं मी दर पिशवीत चिमूटभर डाळ जास्त टाकतीय. कमी भरली म्हणून कुनी नाव ठेवायला नको म्हणून टाकायची. त्यामुळं बरुबर वजन मला कमी लागतंय. पन ही चौथी तोला. आन ही आठवी."

दोन्ही चारशे ऐंशी भरल्या. मशीनवाल्यानं मशीन बंद केलं. एका कपाचा तळ आत चेपलेला निघाला. त्यानं दुसऱ्या मशीनचा कप काढून तिथं बसवला, आणि पुढच्या वीस पिशव्या साळुबाईनं स्वतः तोलून घेतल्या. एकही कमी भरली नाही. मग मशीन टेंपोत चढलं.

टेंपो परतीला लागला. खेड गेलं, मंचर गेलं. साळुबाई खिडकीबाहेर बघत बसली. मशीन तर मिळालं होतं, पण शेठ आपल्याला कामावर ठेवतात की घरी बसवतात, ते तिला कळेना.

नारायणगाव आलं तेव्हा शेठ म्हणाले, "अवसरीचा दुकानदार मला नेहमी सांगतो, गिऱ्हाइकं घरी तोलून बघतात आणि तुमचीच पिशवी मागतात. मी समजत होतो, माझा काटा चांगला."

साळुबाईनं मान वळवून शेठकडं बघितलं.

"सोमवारी मशीन बसेल," शेठ म्हणाले. "ती चाकी डावीकडं किती फिरवली म्हणजे तुझी चिमूट पडेल?"

"हातात पिशवी घेतल्याबिगर कसं सांगू?"

"मग सोमवारी घे."

साळुबाईनं हळूच विचारलं, "आन त्यो पुन्याचा आपरेटर?"

"कोण ऑपरेटर?" शेठ म्हणाले, आणि सोमाजीला चहासाठी टेंपो थांबवायला सांगितला.