कानसेनांचा अबोला

गल्लीत सगळे त्यांना कानसेन म्हणत. गाण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते गुणगुणायला लागले की बायको मुकाट्यानं रेडिओ लावायची. नाव पडलं होतं ते त्यांच्या दुरुस्तीच्या पद्धतीवरून. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. कुणी बिघडलेला गेम कन्सोल टेबलावर आणून ठेवला की ते आधी त्यात डिस्क घालायचे, बटण दाबायचे आणि झाकणाला कान लावून डोळे मिटायचे. गिऱ्हाईक काही सांगायला लागलंच तर बोट ओठांवर. डिस्क एका लयीत फिरते का, लेन्स पुढं सरकते का, की एकाच जागी टकटक करत तेच तेच पुन्हा वाचायला बघते, हे नीट ऐकून होईपर्यंत पेचकसाला हात लावायचा नाही. आधी कान, मग पेचकस, हा नियम त्यांनी कॅसेट प्लेअरच्या काळापासून पाळला होता.

कॅसेट गेल्या, सीडी गेल्या. ओळीतली दुरुस्तीची दुकानं एकेक करून मोबाईलची कव्हरं विकायला लागली. कानसेन काही बधले नाहीत. ज्यात काहीतरी फिरतं ते आपलं, असं म्हणून त्यांनी गेमच्या मशीनवर हात बसवला. आता गंमत अशी, की खुद्द गेममधलं त्यांना ओ की ठो कळत नसे. त्यासाठी मुलगी होती. शाळेतून आली की दप्तर भिरकावून ती दुरुस्त झालेलं मशीन खेळून बघायची. गिऱ्हाइकाचा गेम जिथं अडकत होता तिथपर्यंत पोचायचं, तो आता अडकत नाही याची खात्री करायची, मगच मशीन उंबऱ्याबाहेर. पुढं तीही कान लावायला लागली. एकाच झाकणाला दोन बाजूंनी कान लावून बसलेले बापलेक बघून येणारेजाणारे म्हणायचे, यांची काय गुपितं चाललीत कोण जाणे.

अशा मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारी कंपनी होती, काम चांगलं होतं. तिनं जेवताना सांगितलं. बायकोचे डोळे भरून आले, आणि कानसेन ताटातून मान वर न करता म्हणाले, "जा की. माझं काही अडत नाही."

"नाही ना अडत?" ती म्हणाली. "मग झालं तर."

आणि तिथून अबोला सुरू झाला. एका घरात, एका टेबलाशी, आणि शब्द म्हणून नाही. ते म्हणायचे, "तिला सांग, मीठ दे." ती म्हणायची, "आई, त्यांना सांग, मीठ त्यांच्या कोपराशीच आहे." दोघांच्या मध्ये बसलेल्या बाईनं शेवटी मिठाची वाटी उचलून मधोमध आपटली आणि सांगितलं, "निरोप पोचवायचा धंदा मी आजपासून बंद केला."

खरं सांगायचं तर कानसेन मनातून पार घाबरले होते. तिनं नोकरी घेऊ नये असं त्यांना वाटत नव्हतं, हेही खरं. पण ती गेल्यावर त्या झाकणाच्या पलीकडं कोणी नसणार, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि ते सांगायचं कसं हेही कळत नव्हतं. रविवारी सकाळी तिची बस होती. अबोला तसाच घेऊन ती बसमध्ये बसली, की मग तो किती वर्षं चालेल याचा नेम नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःचा हट्ट ते ओळखून होते, आणि तिचाही. तो कुठून आला हे काय वेगळं सांगायचं?

त्याच दिवसांत मास्तरीणबाईंचं मशीन दुकानात आलं. बाई आणि त्यांचे यजमान, दोघंही निवृत्त. दुपारची झोप उडवून दोघं मिळून एक साहसाचा गेम खेळायचे. तो गेम हल्ली उघडायला फार वेळ घ्यायचा, आणि मध्येच पडद्यावर यायचं, डिस्क वाचता येत नाही. कानसेनांनी लेन्स स्पिरिटनं पुसली, स्वतःची एक जुनी डिस्क घालून बघितली, झरझर चाललं, देऊन टाकलं. मशीन परत आलं. त्यांनी लेन्सच नवी घातली, ती ज्या रुळावरून सरकते त्याला नेहमीच्या डब्यातलं ग्रीस लावलं, पुन्हा तीच जुनी डिस्क घालून ऐकलं, देऊन टाकलं. शनिवारी सकाळी मशीन पुन्हा दारात.

"एकटी खेळले की ठीक चालतं हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आम्ही दोघं बसलो की लाकडी पुलापाशी अडकतं. आमचे हे म्हणतात, मशीनला माझं तोंड आवडत नाही."

कानसेन हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुकानातून गेलेली वस्तू दोनदा परत यायची ही पहिलीच वेळ. आणि का आली तेही त्यांना कळत होतं. गिऱ्हाइकाचा गेम अडकतो तिथपर्यंत खेळून बघितलाच नव्हता. बघणार कोण? बघणारी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

दुपारी त्यांनी दार लोटून घेतलं, बाईंचीच डिस्क घातली आणि एक रिमोट हातात, दुसरा मांडीवर घेऊन दोन माणसांचा खेळ एकट्यानं खेळायला बसले. एक माणूस नदीत पडायचा आणि दुसरा काठावर नुसता उभा. मग बायकोला बोलावलं. तिचा माणूस भिंतीला डोकं लावून चालत राहिला.

"हा सारखा भिंतीकडंच का जातो हो?"

"तू नेतेस म्हणून."

तिनं रिमोट खाली ठेवला आणि आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाली, "अगं, तुझ्या वडिलांना इथं दोन माणसं लागतायत. माझा उपयोग नाही."

आई आत गेली आणि मुलगी बाहेर आली. बापाकडं न बघता शेजारी बसली, रिमोट उचलला. दोघं खेळायला लागले. ती पुढं जायची, वळून थांबायची, ते धडपडत तिच्यापर्यंत पोचले की पुन्हा पुढं. तोंडातून अक्षर नाही. अखेर लाकडी पूल आला आणि पडदा काळा झाला.

दोघंही एकदम वाकले. ठरवून नाही, सवयच ती. झाकणाला दोन बाजूंनी दोन कान लागले. आत डिस्क फिरत होती. लेन्स सरकत कडेकडं निघाली, अडली, मागं आली. पुन्हा निघाली, पुन्हा अडली.

"लेन्स नवी आहे," कानसेन हवेत बघून म्हणाले.

"लेन्स चांगलीच आहे," तीही हवेतच म्हणाली. "ती डिस्कच्या कडेपर्यंत पोचत नाहीये. एकट्याचा खेळ आतल्या भागात असणार, आणि दोघांचा अगदी कडेला. रूळ चिकटलाय." मग तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं. "त्या डब्यातलं ग्रीस लावलंत ना, बाबा?"

डबा कॅसेटच्या काळातला. आतलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं. तो फेकून द्या असं ती कितीदा म्हणाली होती, आणि दरवेळी त्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. आत्ताही उत्तरं तोंडात तयार होती. पण ते म्हणाले, "लावलं." आणि डबा बाजूला सारत म्हणाले, "खेळून बघायला तू नव्हतीस. माझं अडलं."

आतल्या खोलीतली भांड्यांची खुडबुड थांबली.

मुलीनं नाक ओढलं. "पेचकस द्या," ती म्हणाली.

त्यांनी रूळ पुसून कोरडा केला, तिनं मागंच आणून ठेवलेलं नवं पातळ ग्रीस बोटाच्या टोकानं लावलं, आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून खेळत पुलापर्यंत आले. या वेळी पूल लगेच दिसला. दोघं पलीकडं गेले, आणि काही कारण नसताना आणखी बरंच पुढं गेले.

"बस किती वाजता आहे?" कानसेनांनी पडद्याकडं बघत विचारलं.

"सकाळची पहिली."

"मी येतो सोडायला. तुझी बॅग जड असेल."

बॅग जड नव्हतीच. तरी त्यांनी ती शेवटपर्यंत हातातून सोडली नाही, आणि बस निघाली तेव्हा त्यांना ती खाली ठेवायचीही शुद्ध नव्हती. ड्रायव्हरला थांबवून ती आत द्यावी लागली. घरी आल्यावर त्यांनी ग्रीसचा डबा कचऱ्यात टाकला आणि मग बायकोच्या शेजारी बसून जरा रडून घेतलं.

पुढच्या आठवड्यात एक वेगळंच मशीन आलं. डिस्क घातली की आत काहीतरी घासल्यासारखं वाजायचं. कानसेनांनी कान लावला, डोळे मिटले, उघडले. मग मुलीला फोन लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता फोन झाकणावर पालथा ठेवला. झाकणाच्या दुसऱ्या बाजूला आपला कान लावून ते वाट बघत राहिले.

"बाबा," फोनमधून आवाज आला, "जरा लांब सरका. तुमचाच श्वास ऐकू येतोय."