यादीत सगळ्यात वर

मराठी टायपिंग शिकवण्यात आत्याने उभी हयात घालवली होती. माझ्या भावाने घरच्या कॉम्प्युटरवर तिच्यासाठी मराठी कीबोर्ड टाकला खरा, पण यादीत इंग्रजीच्या खाली. कॉम्प्युटर सुरू केला की दर वेळी पुन्हा इंग्रजीच. ती कुरकुरली तेव्हा भाऊ म्हणाला, "एक बटण दाबायला तुझे काय हात झिजतात?"

आत्या ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. सेटिंगमध्ये शिरून तिने मराठीला ओढून सगळ्यात वर बसवलं.

सकाळी भाऊ पासवर्ड टाकून टाकून मेटाकुटीला आला. ठिपके उमटत होते, पण कॉम्प्युटर काही आत घेईना.

"अगं, काय करून ठेवलंस हे?"

"मराठी पहिली केली. इंग्रजी हवी तर कोपऱ्यातलं बटण दाब. माझे हात झिजले नाहीत, तुझेही नाही झिजणार."