कागद मागणाऱ्या सिस्टर

डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात यांवरच्या ट्रिपल लसीची बाटली हातात आली की सिस्टर ती आधी खळखळून हलवायच्या, मग उजेडात धरून एक डोळा बारीक करून बघत राहायच्या. तळाशी साका बसतोय असं वाटलं की बाटली बाजूला. "गोठलेली आहे. कोणीतरी बर्फाला चिकटवून ठेवलीय," एवढंच म्हणायच्या. लस उन्हाने खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. बर्फावरही संशय घेणारी बाई मी एकच पाहिली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत मी ज्या प्राथमिक शाळेत शिकवत होते ती यंत्रमागांच्या गाळ्यांना खेटून होती. दर बुधवारी सकाळची शाळा सुटली की सिस्टर नगरपालिकेच्या दवाखान्यातून लसींचा डबा घेऊन यायच्या आणि आमच्या व्हरांड्यात टेबल मांडायच्या. स्टोव्हवर काचेच्या सिरिंज उकळत असायच्या. माझं अक्षर बरं, म्हणून रजिस्टर माझ्याकडे: मुलाचं नाव, जन्मतारीख, कोणता डोस. सिस्टरचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे.

मागांचा खडखडाट मध्येच थांबला की आम्हाला बरं वाटायचं, दोन शब्द नीट ऐकू यायचे. सिस्टर मात्र अस्वस्थ व्हायच्या. "लाइट गेली. तिकडे फ्रिज बंद पडला असणार." घड्याळात बघून त्या वेळ टिपून ठेवायच्या, आणि माग सुरू झाले की पुन्हा टिपायच्या. दवाखान्यातला शिपाई म्हणायचा की फ्रिज पाच मिनिटंच बंद होता. सिस्टर आपली चिठ्ठी पुढे करायच्या.

आयांचीही सुटका नव्हती. "तोंडी नको, कागद दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या मोहल्ल्यातल्या एक आजी, मुलाचे चार माग असलेल्या, नातवाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अल्ला कसम सिस्टर, मागच्या महिन्यात दिलाय डोस."

"तुमच्या कसमेवर माझा पूर्ण भरवसा आहे आजी. कार्ड कुठंय?"

"पेटीत हाय."

"मग पेटी उघडून या."

आजी बडबडत गेल्या, कार्ड घेऊन आल्या. डोस दिलेला नव्हता. आजी हसल्या, सिस्टरही हसल्या, आणि पोर रडलं.

खरं सांगायचं तर लोकांनाही सिस्टरचा तितकाच संशय होता. सुईत भलतंच काहीतरी असतं, पुढे मुलं होत नाहीत, अशी कुजबुज आमच्या गल्लीत होती आणि पलीकडच्या गल्लीतही. शिकल्यासवरल्या घरांतला संशय जरा वेगळा. आम्ही म्हणायचो, "यांना वरून टार्गेट असतं. आकडा भरायचा असतो." हे बोलणाऱ्यांत मीही होते. दर बुधवारी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा चहा पिणारी मी.

मग माझी लेक झाली. आठव्या महिन्यात. डॉक्टरांनी कापसात गुंडाळून हातात दिली तेव्हा तिचं वजन मला जाणवलंच नाही, इतकी ती लहान होती. मला तिला पोटाशी धरायचीही भीती वाटायची. तिच्या मांडीत सुई जाईल हा विचार आला की मी दुपटं तिच्या पायांभोवती आणखी घट्ट लपेटायचे.

तिला लस कधी द्यायची यावरून घरात खल सुरू झाला. सासूबाईंच्या माहेरची रीत अशी की दिवस भरायच्या आत झालेलं मूल नऊ महिने पुरे होईपर्यंत पोटातच आहे असं समजायचं. "हे दिवस धरायचे नाहीत," त्या म्हणायच्या, "जन्मायच्या दिवसापासून मोजू, पण जन्मायला हवी होती त्या." प्रसूतिगृहाचे डॉक्टर म्हणाले, वजन भरू दे, मग बघू. किती भरू दे ते काही बोलले नाहीत. एकाच पोरीचं वय सासूबाई एका प्रकारे मोजत होत्या, डॉक्टर दुसऱ्या आणि जन्माचा दाखला तिसऱ्या.

मी सिस्टरना विचारलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. "इतक्या लहान पोराचं मी माझ्या मनाने सांगणार नाही," म्हणाल्या. पुढच्या बुधवारी आपल्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. ट्रिपल आणि पोलिओ खऱ्या जन्मतारखेपासून मोजून वेळेवर, बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, वजन थोडं वाढलं की लगेच. चिठ्ठी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बाहेर आली त्या दिवसापासून तिला खोकणाऱ्या माणसांत राहायचंय. खोकल्याला काय ठाऊक ही आठव्यातली की नवव्यातली?"

मी चिठ्ठी वाचली, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की यांचा आकडा एकाने कमी पडत असेल.

लेक दीड महिन्याची झाली. मी पुन्हा कामावर जाऊ लागले होते, लेक सासूबाईंजवळ असायची. त्या बुधवारी गर्दी ओसरल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आज तुझी पोर आण."

"झालं सिस्टर," मी म्हटलं. "डॉक्टरांकडेच दिली. बीसीजी पण दिली, ट्रिपल पण."

हे मी ठरवून बोलले नव्हते. पण तोंडातून निघालं आणि मागे घेता येईना.

त्यांचा हात सवयीने पुढे आला, कागद मागायला. मी म्हणणार होते की फाइल डॉक्टरांकडेच आहे. ते म्हणायची वेळच आली नाही. हात त्यांनी मागे घेतला. "तूच सांगतेस म्हटल्यावर काय विचारायचं," असं म्हणून त्या हसल्या. "लिही."

आणि मी लिहिलं. माझ्या लेकीचं नाव, तारीख, दोन डोस. छान वळणदार अक्षरात.

पुढे अडीच महिन्यांनी आमच्या गल्लीत डांग्या खोकला आला. आधी समोरच्या घरातली दोन मुलं, मग आमच्याकडे. लेक खोकायला लागली की थांबायचीच नाही. ओठ निळे पडायचे आणि मग हूऽप असा श्वास आत ओढला जायचा. तो येईपर्यंत मी माझाही श्वास धरून बसायचे.

सिस्टर घरी आल्या. दारातच उभं राहून त्यांनी एक उबळ पूर्ण ऐकली. मग आत येऊन पोरीला मांडीवर घेतली, झबलं खाली ओढलं आणि डाव्या दंडावरून अंगठा फिरवला. बीसीजी दिली असती तर एव्हाना तिथे खूण उठायला हवी होती. कातडी गुळगुळीत होती. त्यांनी दोनदा अंगठा फिरवला.

त्यांनी झबलं वर केलं, नाड्या बांधल्या आणि म्हणाल्या, "ठाण्याला न्यायची. आत्ता."

बरेच दिवस आम्ही इस्पितळात होतो. ड्युटी संपली की त्या एसटीने यायच्या, माझ्या हातातून पोर घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "जा, दोन घास खा." एक शब्द लागेलसा बोलल्या नाहीत. एकदाच, पोर झोपलेली असताना, खिडकीकडे बघत म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी बघायला हवं होतं."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की सिस्टर, मी खोटं बोलले. ते त्यांना कळलेलं होतंच. पण माझ्या तोंडून त्यांनी ते ऐकायला हवं होतं, आणि मी गप्प राहिले. मला आजही इतकी लाज दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

लेक वाचली. एका डोसाने तो खोकला टळला असता असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, मीही सांगत नाही. पुढचे सगळे डोस तिला सिस्टरनीच दिले, आणि प्रत्येक वेळी तासभर तिच्या उशाशी बसून ताप येतो का पाहिलं. आमच्यात बोलणं होतं, चहा होता. फक्त बुधवारी टेबल मांडलं की रजिस्टर त्या स्वतःच्या पुढ्यात ओढून घ्यायच्या आणि आपल्या त्या न लागणाऱ्या अक्षरात लिहायच्या. मी शेजारी बसून कार्डं लावून द्यायचे.

नव्वदनंतर कधीतरी त्या निवृत्त झाल्या आणि गणेशपुरीच्या वाटेवरच्या आपल्या गावी गेल्या. जाऊन भेटायचं, सगळं सांगायचं, असं मी दर सुट्टीत ठरवायचे. अखेर गेले तेव्हा लेक तिसरीत होती. एसटीतून उतरून विचारत विचारत घर शोधलं. दाराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात एक बाई भात वाळवत होती. ती म्हणाली, म्हातारी गेली, गेल्या पावसाळ्यात.

मी ओट्यावर बसले. बाईने पाणी आणून दिलं. "तुमी कुठल्या?"

"भिवंडीच्या. शाळेत शिकवते."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "म्हंजे हीच ती पोर. म्हातारी लय सांगायची हिचं. माज्या चुकीनं एक पोर मरता मरता वाचली, बोलायची. जीवाला लावून घेतलं व्हतं तिनं."

मी म्हटलं, "चूक त्यांची नव्हती. मी त्यांना खोटं सांगितलं होतं."

लेक माझ्याकडे बघत राहिली. तिलाही हे मी कधी सांगितलं नव्हतं.

बाईने भातावरून हात फिरवला. गेलेल्या माणसाचा दोष ही भली बाई आपल्या अंगावर घेतेय, असंच तिला वाटलं असणार. "न्हाय ओ बाई," ती समजुतीने म्हणाली, "ती सोता बोलली हाय."

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही.