फुटली नाही, वाढली

“मनियारीण, तू बाजूला सरक. नवरीला हात लावू नको, तुझेच हात मोकळे हायेत.”

नवरीची आजी भर मांडवात बोलली. लग्नाचा चुडा भरायला मला बदनापूरहून त्यांनीच बोलावून घेतलं होतं. बांगड्या भरणं हे आम्हा मनियारांचं पिढीजात काम. या आजीचेही हात मी भरलेत. नवरीच्या बारशाला तिच्या इवल्या मनगटात काळ्या बांगड्या मीच घातल्या होत्या. तेव्हा माझा नवरा जिवंत होता. तो जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात माझा हात अपशकुनी ठरला. हुनर तेच, बोटं तीच.

पेटी माझी, बांगड्या माझ्या, पण भरायला नवरीची मामी बसली. का, तर ती सवाष्ण. मी मांडवाच्या खांबाशी. खाली मान. तशीच बसून राहिले, याची आजही लाज वाटते.

काचेची बांगडी ढकलायची नसते. अंगठ्याखालचं हाड आत दाबून हात ढिला करायचा, मग ती सरकते. मामीनं ढकलली. कट्. बायका म्हणाल्या, “वाढली, वाढली!” सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुसरीही वाढली. तिसरीला रक्त आलं.

वाढली! आणि माझ्या? नवऱ्याची मय्यत उठायच्या आत माझ्या जावेनं माझ्या बांगड्या दगडानं फोडल्या. त्यांना कुणी वाढल्या म्हणालं नाही. मीही तेव्हा मुकाट हात पुढे केले होते. खांबाशी बसून ते आठवलं आणि डोक्यात आग पेटली.

नवरीची आई वाकून कानात म्हणाली, “आपा, आतल्या खोलीत चला. जल्दी भरून द्या. कुणाला कळनार न्हाई.”

मी उठले. नवरीच्या मनगटातली काच काढली, रक्त पुसलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “चोरून न्हाई भरनार. भरीन तर इथंच, पाटावर बसून, सगळ्यांसमोर.”

नवरीनं हात माझ्याकडंच धरला होता. आजीनं तो ओढून घेतला. पोरीकडं पाहून जीव तुटला, पण मी पेटी बांधली आणि निघाले.

घरी येऊन त्याच पेटीतल्या हिरव्या बांगड्या काढल्या. स्वतःचाच हात दाबून भरल्या. दोन्ही हातांत डझन डझन.

जाऊ म्हणाली, “कुछ तो शरम करो, भाभी.”

मी म्हणाले, “वो बहुत कर ली.”

त्या गावातली चार घरं मला आता बोलवत नाहीत. नका बोलवू. ज्यांना बोलवायचंय त्यांनी ऐकून ठेवा. मी दारात पाय ठेवीन तो या भरल्या हातांनी. नवरीचा हात मागीन तो भर मांडवात. माझ्या हातातली एखादी बांगडी उद्या तडकली, तर तीही वाढलीच म्हणायची. आणि कुणी पुन्हा दगड घेऊन आलं, तर या वेळी मी हात पुढे करणार नाही.